मानमोडीचा विषाणू पेशीचे पटल कसे भेदतो

कोंबडीपालन हा शेतीस पूरक असा उत्तम जोडधंदा होय. थोड्या जागेत व थोड्या भांडवलावर तो करता येतो आणि घरातील स्त्रियांच्या हाती मीठमिरचीपुरता का होईना, रोख पैसा त्यामुळे नियमितपणे येत राहतो. परंतु वर्ष-दोन वर्षे जतन करून वाढविलेला कळप आठ-दहा दिवसांत नाहीसा करणारा एक रोग या धंद्यास नेहमीच भेडसावीत असतो. आपल्याकडे त्यास मानमोडी म्हणतात. राणीखेत या नावानेही तो सर्वपरिचित आहे.

रोगाची लागण झाल्यापासून साधारणतः पाच-सहा दिवसांत लक्षणे दिसू लागतात. क्वचित ती दोनच दिवसांत, तर क्वचित पंधरा दिवसांनी दिसतात. पक्षी सुस्त होतो, पिसे फुलवून कोपऱ्यात बसतो, चोच उघडी ठेवून धापा टाकतो व हिरवट पातळ शिटतो. अंडी एकाएकी घटतात. जी मिळतात त्यांपैकी पुष्कळशी पातळ कवचाची वा बेढब असतात. यातून जे पक्षी काही दिवस तगतात त्यांची मान पिळवटून वाकडी होते, पंख व पाय लुळे पडतात. यावरूनच मानमोडी हे नाव रूढ झाले. लस न दिलेल्या कळपात रोगाची तीव्र साथ शिरली तर शेकडा नव्वद व त्याहूनही अधिक पक्षी दगावू शकतात.

या रोगाची शास्त्रीय नोंद प्रथम १९२६ साली झाली. त्या वर्षी जावा बेटात व इंग्लंडमधील न्यूकॅसल-अपॉन-टाइन या गावी कोंबड्यांत मोठी मर झाली. डॉइल या पशुवैद्यकाने इंग्लंडमधील साथीचा अभ्यास करून हा रोग एका नव्या विषाणूमुळे होतो असे दाखविले. त्यामुळे जगात तो न्यूकॅसल रोग म्हणून ओळखला जातो. भारतात १९२७ साली कुमाऊँच्या डोंगराळ भागातील राणीखेत येथे तो आढळून आला आणि त्या गावाचे नाव त्यास कायमचे चिकटले.

मानमोडी झालेल्या पक्ष्यास बरे करणारे औषध अद्याप उपलब्ध नाही. पुष्कळदा पक्षी मरू लागल्यावर औषधाच्या दुकानातून प्रतिजैविकांची पुडी आणून पाण्यात घातली जाते. पैसे खर्च होतात आणि मर चालूच राहते. असे का होते? लस अगोदरच का द्यावी लागते? ती बर्फात का ठेवावी लागते? लहान पिलांना एक व मोठ्या तलंगांना दुसरी लस का? या सर्व प्रश्नांची उत्तरे एकाच घटनेत दडलेली आहेत. ती घटना म्हणजे विषाणूच्या बाह्यांगावरील प्रथिनांनी कोंबडीच्या पेशीचे पटल भेदणे ही होय. ती नीट समजल्यास कोंबडीपालकास सांगण्यात येणाऱ्या प्रत्येक सूचनेमागील कारण आपोआप ध्यानात येईल.

पेशीचे पटल

कोंबडीचे शरीर, इतर सर्व प्राण्यांप्रमाणेच, असंख्य सूक्ष्म पेशींचे बनलेले असते. प्रत्येक पेशीभोवती एक अतिशय पातळ पटल असते. त्याची जाडी सुमारे ५ ते ८ नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरच्या लाखाव्या भागाहूनही कमी असते. हे पटल स्निग्ध द्रव्याच्या दोन थरांचे असून त्यात ठिकठिकाणी प्रथिने बसविलेली असतात. स्निग्ध द्रव्याच्या प्रत्येक कणाचे एक टोक पाण्याकडे ओढ घेणारे, तर दुसरे पाण्यापासून दूर राहणारे असते. पाण्यास नको असलेली टोके आत व पाण्यास हवी असलेली बाहेर, अशा रीतीने हे दोन थर पाठीस पाठ लावून उभे राहतात.

हे पटल म्हणजे दगडी भिंत नव्हे. ते प्रवाही असते. पाण्यावरील तेलाच्या तवंगाप्रमाणे त्यातील कण सतत सरकत असतात. किंचित फाटले तर ते आपोआप सांधते. आतील क्षार व पोषक द्रव्ये आत राखणे, नको ते बाहेर ठेवणे व हवे ते ठराविक वाटेने आत घेणे ही त्याची कामे होत. हे पटल शाबूत असेल तोवर पेशी जिवंत असते.

तेलाचे दोन थेंब जवळ आले की चटकन एकत्र होतात, मग दोन पटले जवळ आली असता ती एकजीव का होत नाहीत, असा प्रश्न साहजिकच पडेल. त्याचे कारण असे की, पटलाच्या दोन्ही बाजूंस पाण्याचा एक पातळ थर घट्ट धरलेला असतो. दोन पटले एकमेकांस भिडावयाची तर मधले हे पाणी पिळून काढावे लागते आणि त्यास बराच जोर लागतो. हा जोर आपोआप मिळत नाही, म्हणूनच शरीरातील कोट्यवधी पेशी एकमेकींस खेटून असूनही वेगवेगळ्या राहतात. मानमोडीच्या विषाणूपाशी मात्र हा जोर लावणारे साधन असते.

विषाणूची रचना

मानमोडीचा विषाणू साधारणतः २०० नॅनोमीटर आकाराचा असतो. असे पाच हजार विषाणू एका रांगेत ठेवले तर ती रांग एक मिलिमीटर लांबीची होईल. त्याच्या पोटात रायबोन्यूक्लिइक आम्लाचा एक लांब धागा असतो. नवे विषाणू कसे तयार करावयाचे याची सर्व माहिती या धाग्यावर सुमारे पंधरा हजार अक्षरांत साठविलेली असते. या धाग्याभोवती स्निग्ध द्रव्याचे एक आवरण असते. हे आवरण विषाणूचे स्वतःचे नसून ज्या पेशीतून तो बाहेर पडला तिच्याच पटलाचा तो एक तुकडा असतो.

विषाणू स्वतः खात नाही, श्वास घेत नाही, वाढत नाही. पेशीबाहेर असताना तो केवळ एक निर्जीव कण असतो. त्याच्या पोटातील धागा जिवंत पेशीच्या आत पोहोचला तरच त्याची वाढ होते. म्हणून पटल ओलांडणे हे त्याच्या सर्व उद्योगातील पहिले व सर्वांत महत्त्वाचे काम होय. त्यासाठी त्याच्या आवरणावर काट्यांप्रमाणे दिसणारी दोन प्रकारची प्रथिने उभी असतात. शास्त्रज्ञ त्यांस एचएन व एफ अशी नावे देतात. येथे सोयीसाठी पहिल्यास चिकटणारे प्रथिन व दुसऱ्यास जोडणारे प्रथिन म्हणू.

चिकटणारे प्रथिन

कोंबडीच्या पेशीच्या पटलावर साखरेसारख्या द्रव्यांच्या अनेक शाखा बाहेर आलेल्या असतात. त्यांपैकी कित्येकांच्या टोकाशी सियालिक आम्ल असते. विषाणूचे चिकटणारे प्रथिन या आम्लाचा कण अचूक ओळखते व त्यास धरून ठेवते. गोखरू धोतराच्या काठास धरते त्याचप्रमाणे एक-दोन ठिकाणी पकड बसली की विषाणू पेशीवर स्थिरावतो.

याच प्रथिनाचे दुसरेही एक काम आहे. पेशीतून नवे विषाणू बाहेर पडतात तेव्हा ते त्याच पेशीवरील सियालिक आम्लास चिकटून बसण्याचा संभव असतो. अशा वेळी हे प्रथिन ते आम्ल कापून टाकते व विषाणूस मोकळा करते. पकडणे व सोडणे ही दोन्ही कामे एकाच प्रथिनाकडे असल्याने विषाणू एका पेशीवरून दुसऱ्या पेशीकडे सहज जातो.

या चिकटण्याचा उपयोग मनुष्याने रोगपरीक्षेसाठी करून घेतला आहे. इन्फ्लुएंझाच्या विषाणूमुळे कोंबडीच्या तांबड्या रक्तपेशी एकमेकींस चिकटतात असे अमेरिकेतील हर्स्ट यांनी १९४१ साली दाखविले. मानमोडीचा विषाणूही असाच वागतो हे ऑस्ट्रेलियातील बर्नेट यांनी १९४२ साली प्रसिद्ध केले. एका विषाणूस दोन-दोन रक्तपेशी चिकटल्या की नळीच्या तळाशी रक्तपेशींचा ठिपका न जमता त्यांचे जाळे पसरते. लस दिलेल्या कोंबडीचे रक्तजल त्यात मिसळले तर त्यातील प्रतिद्रव्ये विषाणूस झाकून टाकतात, चिकटणे थांबते व तळाशी पुन्हा ठिपका दिसतो. लसीचा परिणाम कितपत झाला हे पाहण्यासाठी प्रयोगशाळांतून आजही हीच परीक्षा केली जाते.

जोडणारे प्रथिन

केवळ चिकटल्याने विषाणू आत जात नाही. पटल भेदण्याचे खरे काम जोडणारे प्रथिन करते. हे प्रथिन तीन सारख्या दोऱ्यांचा पीळ असावा तसे असते. तयार अवस्थेत ते ताणून अडकविलेल्या उंदराच्या चापासारखे असते. त्यात जोर साठविलेला असतो, परंतु खटका सुटेपर्यंत तो बाहेर येत नाही. चिकटणारे प्रथिन पेशीस धरते तेव्हा त्याच्या आकारात जो बदल होतो त्यामुळे शेजारी उभ्या असलेल्या जोडणाऱ्या प्रथिनाचा खटका सुटतो.

त्यानंतरच्या घटना क्रमाने अशा घडतात :

पहिली : जोडणाऱ्या प्रथिनाच्या पोटात घडी घालून लपविलेले एक टोक झटक्यासरशी बाहेर येते. हे टोक पाण्यापासून दूर पळणारे, स्निग्ध द्रव्यात रुतणारे असते. मासे धरण्याचा गळ रुतावा तसे ते कोंबडीच्या पेशीच्या पटलात रुतते. या क्षणी प्रथिनाचे एक टोक विषाणूच्या आवरणात व दुसरे कोंबडीच्या पटलात, असा पूल तयार होतो.

दुसरी : हा पूल मधोमध दुमडू लागतो. प्रथिनाचे दोन भाग एकमेकांस समांतर येऊन घट्ट बसतात. तीन दोऱ्यांचे मिळून सहा पिळांचा एक मजबूत जुडगा होतो. जुडगा आवळत जातो तशी दोन्ही पटले एकमेकांकडे ओढली जातात आणि मधले पाणी पिळून निघते.

तिसरी : प्रथम दोन्ही पटलांचे समोरासमोरचे थर एकत्र होतात. मग मागील थरही मिसळतात व तेथे एक छिद्र पडते. छिद्र रुंदावते आणि विषाणूच्या पोटातील धागा पेशीच्या आत शिरतो. विषाणूचे रिकामे आवरण पेशीच्या पटलातच मिसळून जाते.

येथे ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी की, विषाणू पटलास सुईने भोक पाडावे तसे पाडीत नाही. तो आपले आवरण पेशीच्या पटलाशी एकजीव करतो. धागा एकदा आत गेला म्हणजे बाहेर फिरणारी प्रतिद्रव्ये त्यास गाठू शकत नाहीत. प्रतिजैविके तर जिवाणूंच्या भिंतीवर किंवा त्यांच्या अंतर्गत व्यवहारावर काम करतात. विषाणूस ना तशी भिंत, ना तसे व्यवहार. म्हणून ती औषधे येथे निष्फळ ठरतात. नंतर शिरणाऱ्या जिवाणूंच्या बंदोबस्तासाठी पशुवैद्यक ती कधी देतात, परंतु त्यामुळे मानमोडी बरी होत नाही.

सौम्य व तीव्र विषाणू यांतील भेद

मानमोडीचे सर्वच विषाणू सारखे घातक नसतात. काहींमुळे पिलास किंचित शिंका येण्यापलीकडे काही होत नाही, तर काही सबंध कळप गारद करतात. हा भेद मुख्यतः जोडणाऱ्या प्रथिनावरील एका लहानशा जागेवर अवलंबून असतो.

पेशीत हे प्रथिन प्रथम अखंड स्वरूपात तयार होते. त्या स्थितीत त्याचा चाप ताणलेलाच नसतो व त्याचे रुतणारे टोकही मोकळे नसते. ठराविक जागी त्याचा छेद झाल्यावरच ते कामास लायक बनते. हा छेद कोंबडीच्या शरीरातील विकरे करतात. विषाणूपाशी स्वतःची कात्री नसते. जर्मनीतील गीसेन येथे काम करणाऱ्या नागाई, क्लेंक व रॉट यांनी १९७६ साली या छेदाचा व रोगाच्या तीव्रतेचा संबंध उघडकीस आणला.

सौम्य विषाणूंमध्ये छेदाच्या जागी आम्लारिधर्मी अमिनो आम्ले थोडी असतात. अशी जागा कापणारी विकरे मुख्यत्वे श्वासनलिका व आतडे यांतच आढळतात. म्हणून सौम्य विषाणू तेवढ्याच भागात वाढतो. मेंदू, यकृत वा प्लीहा येथे पोहोचला तरी त्याचे जोडणारे प्रथिन तेथे बोथटच राहते. तीव्र विषाणूंमध्ये मात्र त्या जागी अशी अमिनो आम्ले लागोपाठ असतात. ती जागा फ्युरिन नावाचे विकर कापते आणि हे विकर शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत असते. त्यामुळे तीव्र विषाणू कोठेही जाऊन तयार, धारदार स्वरूपात बाहेर पडतो.

हा फरक किती थोडा असतो याचे उदाहरण ऑस्ट्रेलियात पाहावयास मिळाले. तेथे १९९८ ते २००० या काळात मानमोडीच्या तीव्र साथी उद्भवल्या. तपासात असे दिसून आले की, हा विषाणू परदेशातून आलेला नव्हता. तेथील कोंबड्यांत अगोदरपासून असलेल्या सौम्य विषाणूच्या छेदाच्या जागी केवळ दोन अमिनो आम्ले बदलली होती व तेवढ्यानेच तो घातक बनला होता. आपल्या भागात रोग नाही म्हणून लसीकरणात ढिलाई करणे किती धोक्याचे आहे, हे यावरून स्पष्ट होईल.

शरीरात होणारा नाश

पेशीत शिरलेला धागा पेशीची सर्व यंत्रणा स्वतःच्या कामास जुंपतो. नवी चिकटणारी व जोडणारी प्रथिने तयार होतात आणि बाहेर पडण्यासाठी ती त्या पेशीच्याच पटलावर येऊन उभी राहतात. आता रोगी पेशीचे पटल विषाणूच्या आवरणासारखेच झालेले असते. त्यामुळे ते शेजारच्या निरोगी पेशीच्या पटलास धरते व तिच्याशी एकजीव होते. अशा रीतीने अनेक पेशी मिळून एकच मोठी, अनेक केंद्रकांची पेशी तयार होते. अशी पेशी फार काळ जगत नाही. या मार्गाने विषाणू एका पेशीतून दुसरीत पसरतो तेव्हा तो बाहेर पडतच नसल्याने प्रतिद्रव्यांच्या तावडीतूनही निसटतो.

आजारी कोंबडीत दिसणारी लक्षणे या नाशाचीच फळे होत. रक्तवाहिन्यांच्या आतील पेशी नष्ट झाल्या की रक्त पाझरते. मेलेल्या पक्ष्याचे ग्रंथिल जठर पशुवैद्यकाने उघडले असता त्यावर रक्ताचे बारीक ठिपके दिसतात ते यामुळेच. आतड्याच्या अस्तराची हानी झाल्याने हिरवट हगवण लागते. श्वासनलिकेचे अस्तर सुजल्याने पक्षी धापा टाकतो. मेंदू व मज्जातंतू यांतील पेशी बिघडल्या की मान वळते व पाय लुळे पडतात. मज्जातंतूंच्या पेशी पुन्हा सहसा भरून येत नाहीत, म्हणून वाचलेला पक्षीही बहुधा अपंगच राहतो.

लस कशी काम करते

विषाणूस अडविण्याची खरी जागा पटलाबाहेर आहे. तो पेशीस चिकटण्यापूर्वीच त्याच्या दोन्ही प्रथिनांवर प्रतिद्रव्ये बसली तर चिकटणारे प्रथिन पकड घेऊ शकत नाही व जोडणाऱ्या प्रथिनाचा खटका सुटत नाही. अशी प्रतिद्रव्ये कोंबडीच्या अंगात अगोदरपासून तयार असावी लागतात. लस दिल्यापासून ती पुरेशी तयार होण्यास आठ-दहा दिवस ते दोन आठवडे लागतात. मर सुरू झाल्यावर लस शोधणाऱ्या कोंबडीपालकापाशी हे दिवस उरलेले नसतात.

पिलांसाठी वापरण्यात येणारी लासोटा ही लस सौम्य विषाणूची जिवंत लस आहे. हा विषाणू अमेरिकेत १९४६ साली मिळाला. याचे जोडणारे प्रथिन श्वासमार्ग व आतडे यांतच कापले जात असल्याने तो तेथे थोडासा वाढतो, परंतु अंगभर पसरत नाही. म्हणूनच ही लस डोळ्यात वा नाकात थेंब टाकून देतात; रोगाचा विषाणू ज्या दाराने येतो त्याच दारी तिच्यामुळे प्रतिद्रव्ये तयार होतात. अशा लसी फलित अंड्यात वाढविता येतात, कारण अंड्यातील द्रवातही त्या प्रथिनाचा छेद करणारे विकर असते.

आर-टू-बी ही दुसरी लस मुक्तेश्वर येथे १९४० नंतरच्या दशकात तयार करण्यात आली. ज्या संस्थेत हे काम झाले तिची स्थापना १८८९ साली पुण्यातच झाली होती व पुढे ती मुक्तेश्वरास नेण्यात आली. या लसीतील विषाणू मध्यम तीव्रतेचा आहे. तो अंड्यांतून पुनःपुन्हा वाढवून दुबळा केलेला असला तरी त्याच्या छेदाची जागा तीव्र विषाणूसारखीच असते. त्यामुळे ही लस अधिक काळ टिकणारे संरक्षण देते, परंतु लहान पिलांस ती दिली तर त्यांना लसीपासूनच रोग होण्याचा धोका असतो. ही लस आठ आठवड्यांपूर्वी देऊ नये असे सांगितले जाते त्याचे कारण हेच होय.

लस दिलेल्या कोंबड्यांच्या अंड्यांतून निघालेल्या पिलांना आईकडून बलकावाटे काही प्रतिद्रव्ये मिळतात. ती दोन-तीन आठवड्यांत ओसरतात. तोवर ती रोगापासून काही अंशी संरक्षण देतात खरी, परंतु लसीच्या विषाणूसही झाकून टाकतात. म्हणून पहिल्या आठवड्यातील एका लसीवर विसंबून चालत नाही. चौथ्या आठवड्यात ती पुन्हा द्यावी लागते.

लसीकरणाचा कार्यक्रम

१. पिले ५ ते ७ दिवसांची असताना लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात टाकावा. थेंब आत ओढला गेल्यावरच पिलू खाली सोडावे.

२. सुमारे २८ व्या दिवशी लासोटा लस पिण्याच्या पाण्यातून पुन्हा द्यावी. त्यापूर्वी एक ते दोन तास पाणी बंद ठेवावे, म्हणजे सर्व पक्षी लगेच पितात. पाणी विहिरीचे, थंड व औषध न घातलेले असावे. दर लिटरला सुमारे ५ ग्रॅम साय काढलेल्या दुधाची भुकटी मिसळावी. ती लसीतील विषाणूचे रक्षण करते. लसीचे पाणी दोन तासांत संपेल इतकेच करावे.

३. वयाच्या ८ ते १० आठवड्यांच्या दरम्यान आर-टू-बी लस ०.५ मिलिलिटर इतकी पंखाखाली कातडीत टोचावी. त्यापूर्वी सुमारे एक आठवडा पक्ष्यांना जंतनाशक औषध पाजावे, कारण जंतांनी पोखरलेल्या पक्ष्यात प्रतिद्रव्ये नीट तयार होत नाहीत.

४. अंड्यांसाठी दीर्घकाळ ठेवावयाच्या कोंबड्यांना पुढील मात्रा केव्हा द्यावी हे पशुवैद्यकाच्या सल्ल्याने ठरवावे.

५. आजारी, मलूल पक्ष्यांस लस देऊ नये. दुपारच्या उन्हात लसीकरण करू नये. पहाटे किंवा सायंकाळी करावे.

लस २ ते ८ अंश सेल्सियस तपमानात ठेवावी व बर्फाच्या डब्यातूनच गावी आणावी. उष्णतेने लसीतील प्रथिनांची घडी मोडते. चाप ताणलेलाच राहिला नाही तर तो उडणार कसा? असा विषाणू पेशीत शिरू शकत नाही, वाढत नाही आणि प्रतिद्रव्येही पुरेशी उत्पन्न होत नाहीत. खिशात घालून उन्हातून आणलेली लस टोचल्याचे समाधान देते, संरक्षण देत नाही. बाटली एकदा विरघळविल्यावर दोन तासांत वापरून टाकावी; उरलेली लस दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नये.

बाटलीत शंभर वा अधिक मात्रा असतात आणि एका घरी कोंबड्या दहा-वीसच असतात, ही खेड्यातील खरी अडचण आहे. ती दूर करण्यास सोपा उपाय म्हणजे वाडीतील सर्व घरांनी एकच दिवस ठरवून लसीकरण करावे. त्यामुळे लस वाया जात नाही. दुसरा लाभ असा की, एका घरच्या कोंबड्या लसीवाचून राहून शेजारी रोग पसरविण्याचा धोकाही टळतो. महिला मंडळे व बचत गट यांनी या कामी पुढाकार घेण्यासारखा आहे.

स्वच्छता व दक्षता

विषाणूचे बाह्य आवरण स्निग्ध द्रव्याचे असल्याने साबण, धुण्याची भुकटी, ब्लीचिंग पावडरचे द्रावण व फॉर्मेलिन यांनी ते नष्ट होते. आवरण विरघळले की त्यावरील प्रथिने निखळतात व विषाणू निरुपयोगी होतो. परंतु तो विष्ठेत वा पिसांत झाकलेला असेल तर औषध त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. गारव्यात ओलसर विष्ठेत तो दीर्घकाळ तग धरतो. म्हणून प्रथम विष्ठा व जुने तूस खरवडून काढावे, साबणाच्या पाण्याने खुराडे घासावे आणि ते वाळल्यावरच जंतुनाशक फवारावे. वरवर औषध शिंपडण्याचा उपयोग होत नाही.

रोगाचा प्रसार आजारी पक्ष्यांच्या विष्ठेतून व श्वासातील तुषारांतून होतो. माणसांचे जोडे, अंड्यांचे ट्रे, खाद्याची रिकामी पोती, डालगी व वाहने हे त्याचे वाहक होत. आठवडी बाजारातून आणलेला पक्षी तीन आठवडे वेगळा ठेवावा. न विकलेला व परत आणलेला पक्षीही नवा समजावा. कबुतरे व जंगली पक्षी खाद्यापाशी येऊ देऊ नयेत. लस दिलेला पक्षी स्वतः आजारी न पडताही काही वेळा विषाणू बाहेर टाकू शकतो, हे विसरू नये. लसीकरण झाले तरी स्वच्छता सोडता येत नाही.

साथ उद्भवल्यास

कळपात एकाएकी मर सुरू झाल्यास नजीकच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास ताबडतोब कळवावे. बर्ड फ्लू या रोगाची लक्षणेही अशीच असतात. दोहोंतील भेद प्रयोगशाळेतच ठरतो. यास्तव मेलेला पक्षी घरी कापून पाहू नये. उरलेले पक्षी घाईघाईने बाजारात विकू नयेत. त्यामुळे दहा गावांत रोग जातो. मेलेले पक्षी उघड्यावर, ओढ्यात किंवा उकिरड्यावर न टाकता खोल खड्ड्यात चुना घालून पुरावेत. मानमोडीच्या पक्ष्यांची हाताळणी करताना विषाणू डोळ्यात गेल्यास माणसाचे डोळे काही दिवस लाल होऊन सुजतात. म्हणून हात धुतल्याखेरीज डोळ्यास लावू नयेत. आजारी कळपात लस टोचीत बसू नये, कारण सुईवाटे एकाचा रोग दुसऱ्यास लागतो. शेजारच्या निरोगी कळपांचे लसीकरण मात्र पशुवैद्यकाच्या सल्ल्याने त्वरित करून घ्यावे.

मानमोडीचा विषाणू एकदा पटल ओलांडून आत गेला म्हणजे त्यास बाहेर काढण्याचा मार्ग कोंबडीपालकाच्या हाती नाही. तो पटलाबाहेर असतानाच त्यास अडविणे मात्र पूर्णपणे त्याच्या हाती आहे. त्यासाठी वेळेवर दिलेले लसीचे दोन थेंब, आठव्या आठवड्यातील एक टोचणी, बर्फाचा डबा व स्वच्छ खुराडे एवढ्याच गोष्टी लागतात. पिले घरी आणली त्याच दिवशी लसीकरणाच्या तारखा भिंतीवरील दिनदर्शिकेत मांडून ठेवाव्यात आणि त्या चुकवू नयेत.